दरी किती फुटांची होती?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. दीड महिना झाला तुमचा पाच जणांचा ग्रुप दर रविवारी डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, प्रत्येकाने एकेक पात्र घेऊन गोष्ट खेळायचा खेळ) खेळतोय, पाचवी एडिशन. मागच्या सेशनला पडक्या पुलावर तुमची क्लेरिक (तुमचं पात्र, देवाच्या जोरावर जादू करणारी) धावत आली, तुम्ही म्हणालात उडी मारते, डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि निकाल देणारा डंजन मास्टर, म्हणाला रोल कर, फासा टाक. टोटल सतरा आली, तुम्ही खुश, तर तो म्हणाला वीस लागत होते, तू चाळीस फूट खाली. पडल्याचं नुकसान चार फाशांवर एकोणीस आलं, लेव्हल दोनची नवखी क्लेरिक, जिवाचे पॉइंट सरळ शून्यावर. तुम्ही म्हणालात अरे मला वाटलं सहा-सात फुटांचं भगदाड आहे, तो म्हणाला नाही पंचवीस फूट होतं. मग तिसऱ्याने पुस्तक उघडलं आणि दाखवलं की दहा फूट पळत आलं की पात्राची जेवढी स्ट्रेंग्थ (ताकदीचा आकडा) तेवढे फूट उडी बसते, हिची चौदा आहे, रोलचा संबंधच येत नाही. डीएम म्हणाला टेबलवर माझा शब्द फायनल. पुढे कुणाचंच मन लागलं नाही आणि तुम्ही लवकर आवरलं. आता तुम्ही विचारताय की फायनल कोण, पुस्तक की डीएम.

मी पंधरा वर्षं डीएम करतोय आणि या प्रश्नाचं उत्तर मी सुरुवातीला "अर्थात डीएम" असं देत असे, नंतर काही वर्षं "पुस्तक, नाहीतर पुस्तक कशाला विकत घेतलं" असं देत होतो, आणि आता मला वाटतं की तुमच्या टेबलवर जे झालं त्यात पुस्तकाचा वादच नव्हता. पुस्तक दोघांच्या बाजूने आहे. स्ट्रेंग्थइतके फूट उडी, हे बरोबर. आणि त्यापेक्षा लांब उडी मारायची असेल तर अ‍ॅथलेटिक्सचा रोल मागता येतो, हेही त्याच पुस्तकात आहे. मग भांडण कशावरून झालं? तुमच्या डोक्यात सात फुटांचं भगदाड होतं आणि त्याच्या डोक्यात पंचवीस फुटांचं, आणि फासा पडेपर्यंत ही दोन चित्रं कुणी एकमेकांशेजारी ठेवून बघितलीच नाहीत. मी आजवर जेवढी रूल्सची भांडणं बघितली, त्यातली बहुतेक अशीच निघाली.

तुमची क्लेरिक त्या पुलावर उभी आहे. तिला डोळे आहेत. ती लहानपणापासून ओढे-नाले ओलांडत आलीय, समोरचं भगदाड आपल्याच्याने होईल की नाही हे तिला एका नजरेत कळणार. तुम्ही मात्र खुर्चीवर बसलाय आणि तुम्हाला तो पूल फक्त डीएमच्या तोंडून दिसतो, दुसरा कुठलाच मार्ग नाही. त्यामुळे पंचवीस फूट हा आकडा तुम्हाला माहीत नसणं ही तुमची चूक नाही, आणि क्लेरिकची तर नाहीच नाही. पंचवीस फुटांच्या खिंडारावर कुणी चुकून उडी मारत नाही हो. एखाद्या प्लेअरने असं काही करायला घेतलं जे त्या जागी उभा असलेला शहाणा माणूस करणारच नाही, तर डीएमने पहिल्यांदा हेच समजायचं की मी सांगण्यात कमी पडलोय.

थोडं मागे जातो, कारण डीएमला हा अधिकार मिळाला कुठून हे कळलं की त्याची हद्दही कळते.

१८२४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याने युद्धाचा खेळ तयार केला, क्रीगश्पील. (त्याच्या वडिलांनी आधी एक केला होता, मुलाने तो नकाशावर आणला.) दोन बाजूंचे अधिकारी, मध्ये एक पंच. समोरच्याचं सैन्य टेकडीमागे असेल तर ते तुम्हाला दिसत नाही, पंचाला सगळं दिसतं, तुम्ही हुकूम लिहून त्याच्याकडे द्यायचे आणि जे तुमच्या सैन्याला खरोखर दिसलं असतं तेवढंच तो तुम्हाला दाखवणार. या पंचाला राइसविट्झने जो जर्मन शब्द वापरला त्याचा अर्थ होतो विश्वासातला माणूस. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो होतो. पंच म्हणजे नुसता न्यायाधीश नव्हता, तो असा माणूस होता ज्याच्याकडे दोन्ही बाजू आपापली गुपितं ठेवू शकतात.

पुढे १८७६ मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्नुआ या प्रशियन अधिकाऱ्याने म्हटलं की तक्ते आणि फासे यात फार वेळ जातो, ते बाजूला ठेवा, अनुभवी पंचाने परिस्थिती बघून निकाल द्यावा. हे चाललं. पण का चाललं ते बघा. पंच म्हणून बसणारा माणूस फ्रान्सविरुद्धची लढाई बघून आलेला असायचा. तोफेचा मारा सुरू असताना पलटण किती वेळात पूल ओलांडते हे त्याला डोळ्यांनी माहीत होतं. खेळणाऱ्यांचा त्याच्यावरचा विश्वास खेळाच्या बाहेरून आलेला होता. आपल्याकडे जो मित्र डीएम होतो त्याने तलवार उचललेली नसते, भुयारात उतरलेला नसतो, तो आपल्यासारखाच दिवसभर लॅपटॉपसमोर बसलेला असतो. म्हणून "माझा शब्द फायनल" हे वाक्य व्हेर्डीच्या पंचाला शोभतं, आपल्याला नाही. आपल्याला तो विश्वास टेबलवरच कमवावा लागतो, दर रविवारी.

तिसरा टप्पा अमेरिकेतला. टॉटेन नावाच्या अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याचं १८८० चं असंच एक पुस्तक मिनेसोटातल्या डेव्हिड वेस्लीच्या हाती लागलं, त्यातला पंच त्याला आवडला, आणि १९६९ मध्ये त्याने ब्राउनश्टाइन नावाचा खेळ घेतला, ज्यात बऱ्याच जणांना पलटणीऐवजी एकेक माणूस दिला. लोकांनी लगेच नियमात नसलेल्या गोष्टी करायला घेतल्या आणि प्रत्येक वेळी वेस्लीला जागच्या जागी ठरवावं लागलं. त्याला वाटलं खेळ फसला. खेळणारे म्हणाले परत कधी? त्यांच्यातलाच एक डेव्ह आर्नेसन, त्याने त्यातून ब्लॅकमूर नावाचा स्वतःचा खेळ काढला, मग तो आणि गॅरी गायगॅक्स मिळून १९७४ मध्ये डी अँड डीच्या तीन लहान पुस्तिका आल्या, पहिल्या फक्त हजार प्रती. त्या पुस्तिकांमध्ये डंजन मास्टर हा शब्दही नव्हता, तिथे त्याला रेफरीच म्हटलंय.

म्हणजे रेफरी दोन कामांसाठी आला. जे प्लेअरला दिसत नाही ते सांभाळायला, आणि जे नियमात बसत नाही त्यावर निकाल द्यायला. अधिकार या दोन कामांपुरता आहे. जे प्लेअरच्या कॅरेक्टरला समोर ढळढळीत दिसतंय ते न सांगण्याचा अधिकार त्यात कुठेच नव्हता.

पण या प्रवासात एक गोष्ट हळूच बदलली आणि माझ्या मते आजची निम्मी डोकेदुखी तिथून येते. प्रशियात दोन बाजू होत्या आणि पंच तिसरा. डी अँड डीमध्ये दुसरी बाजू उठून गेली आणि तिचं सगळं सैन्य, ऑर्क, ड्रॅगन, भुतं, पंचाच्याच हातात आलं. म्हणजे तुमच्यावर वार करणाराही तोच आणि वार लागला की नाही हे सांगणाराही तोच. आपण गल्लीत क्रिकेट खेळताना बॅटिंग करणाऱ्या टीमचाच एक पोरगा अंपायर असायचा, आठवतं ना, आणि तरीही मॅच व्हायची, कारण वन टप्पा आउट आहे की नाही, काकूंच्या गॅलरीत गेला तर आउट की सिक्स, हे सगळं पहिला बॉल पडायच्या आधी ओरडून ठरलेलं असायचं. बॉल गॅलरीत गेल्यावर कुणी नियम काढला की रडीचा डाव खडी सुरू. तुमच्या पुलावर नेमकं तेच झालं, वीसचा आकडा सतरा पडल्यावर बाहेर आला. त्याने तो आधी मनात ठरवलाही असेल, मी मानतो की ठरवला असेल, पण तुमच्याकडे ते कळायला काही मार्ग नाही आणि त्याच्याकडे सिद्ध करायला काही मार्ग नाही.

म्हणून मी आता एकच गोष्ट कटाक्षाने करतो. आकडा आणि परिणाम दोन्ही फासा हातातून सुटायच्या आधी बोलतो. तुमचाच पूल माझ्या टेबलवर असा गेला असता:

"मी पळत येऊन उडी मारते."

"थांब, काय दिसतंय सांगतो. भगदाड पंचवीस फूट आहे, आपल्या दोन छोट्या गाड्या एकामागे एक लावल्या तरी थोडं उरेल. खाली चाळीस फूट, दगड. तुझी सरळ उडी चौदा फूट जाते. पलीकडे एक तुटकी तुळई बाहेर आलीय, ती पकडायचा प्रयत्न करायचा असेल तर अ‍ॅथलेटिक्स वीस. चुकलं तर चार डी६ (सहा बाजूंचे फासे), आणि चार डी६ म्हणजे साधारण चौदा पॉइंट गेले. मारायची?"

अर्धं मिनिट जातं यात. आता तुम्ही म्हणाल नको, दोर काढूया, किंवा म्हणाल मागून गोब्लिन येतायत, मारते. दोन्हींपैकी काहीही झालं तरी ती उडी तुमची असते. आणि मग सतरा आला तर तुम्ही पडता, एकोणीस पॉइंट जातात, सगळे एकदम ओरडतात, आणि कुणीही पुस्तक उघडत नाही. हे मी इतक्या वेळा बघितलंय. लोक हरायला तयार असतात, त्यांना फक्त कशावर हरतोय ते आधी माहीत असायला हवं असतं. ब्लेड्स इन द डार्क नावाचा २०१७ चा गेम आहे, त्यात तर धोका किती आणि यश मिळालं तर किती मिळेल हे रोलच्या आधी दोघांनी बोलायचं हा नियमच करून टाकलाय, तो गेम कधी खेळला नाहीत तरी ही सवय उचला.

फाशांचं अजून एक आहे जे बऱ्याच डीएमच्या लक्षात येत नाही आणि ते मुद्दाम करतही नाहीत. समजा तुमचा चोर वाड्यात लपत शिरतोय, स्टेल्थ (लपण्याचं कौशल्य) अधिक पाच, टार्गेट पंधरा. डी२० वर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर, दहा किंवा वर लागतात, म्हणजे ५५ टक्के. ठीक. आता डीएम म्हणतो फाटकाशी रोल कर, अंगणात परत कर, जिन्यावर परत, खोलीच्या दाराशी परत. दोनदा जमायची शक्यता ३० टक्के, तीनदा साधारण १७, आणि चारही वेळा जमायची ९. डीएमला वाटतं मी थरार वाढवतोय, प्रत्येक रोल तर सोपाच आहे, पण खरं म्हणजे त्याने फाटकाशीच "तू पकडला जाणार" असं ठरवून टाकलंय, फक्त चार हप्त्यांत सांगतोय. प्लेअरला गणित येत नसलं तरी पोटात कळतं. तीन-चार सेशनमध्ये तो लपणं सोडून देतो आणि डीएम म्हणतो हे लोक नुसती मारामारीच का करतात. बर्निंग व्हील गेममध्ये यासाठी साफ नियम आहे, एकदा रोल झाला की परिस्थिती खरोखर बदलेपर्यंत तोच चालणार. मी तो उचलून सगळीकडे वापरतो. वाड्यात शिरायला एकच रोल. आणि पूर्ण ग्रुप लपत असेल तर पाचव्या एडिशनमध्येच आहे की निम्म्या लोकांना जमलं तर सगळ्यांना जमलं, ते वापरा, कृपया वापरा.

आता स्क्रीनमागच्या रोलबद्दल, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की तुमचा डीएम सगळे रोल पुठ्ठ्याच्या आडून करतो आणि तुम्हाला हल्ली शंका येते. इथे मला माझ्याच टेबलवरचं सांगायचंय.

माझा तिसरा का चौथा कॅम्पेन (अनेक सेशन चालणारी एकच सलग गोष्ट), पुण्यात एका मित्राच्या फ्लॅटवर, सात महिने चाललेला. एक मैत्रीण होती ग्रुपमध्ये, तिचा लढवय्या, चिलखत अठरा, फार जीव लावलेला, त्याच्या आजीचं पत्रसुद्धा तिने लिहून आणलेलं. शेवटच्या लढाईत ओगर नावाच्या धिप्पाड राक्षसाचा वार, मी स्क्रीनमागे रोल केला, वीस, म्हणजे हमखास लागणारा. डॅमेजचे फासे दुप्पट, तो गेला असता. मी पटकन बोटाने फासा फिरवला आणि म्हणालो हुकला, थोडक्यात. सगळ्यांनी श्वास सोडला. लढाई जिंकली, ड्रॅगनचं सोनं वाटलं, फोटो काढले. आठवड्याने चहा पिताना तिने शांतपणे विचारलं, तो वार लागला होता ना? मी सरळ हो म्हणालो, मला वाटलं ती म्हणेल थँक्स. ती म्हणाली, म्हणजे तू मला लिंबूटिंबू केलंस.

ज्यांनी लहानपणी लपाछपी, डबा ऐसपैस खेळलंय त्यांना कळेल हा शब्द किती लागतो. धाकट्या बहिणीला कुणी खेळात घ्यायला तयार नसायचं तेव्हा तिला लिंबूटिंबू म्हणून घ्यायचे, ती पळायची, ओरडायची, पण तिच्यावर राज्य यायचं नाही. आणि तिला ते एक दिवस कळायचं. माझी मैत्रीण पुढे जे म्हणाली ते अजून लक्षात आहे. म्हणाली, आता मला हेही माहीत नाही की गुहेतल्या त्या ट्रोलला मी खरंच मारलं होतं का तूच मारू दिलंस. सात महिन्यांतला तिचा प्रत्येक विजय मी त्या एका बोटाने परत घेतला होता, आणि तो परत द्यायचा माझ्याकडे काही उपाय नव्हता.

तेव्हापासून लढाईतले सगळे फासे माझ्या टेबलवर मध्यभागी पडतात, सगळ्यांसमोर. स्क्रीन ठेवतो, पण नकाशा आणि नोट्स झाकायला. काही रोल अजूनही लपवतो, जिथे आकडा दिसला तर कॅरेक्टरला जे कळायला नको ते प्लेअरला कळेल, उदाहरणार्थ समोरचा म्हातारा खोटं बोलतोय का. कॉल ऑफ कथुलू हा भयकथांचा गेम खेळलेल्यांना हे माहीत असेल, तिथे कीपर (तिथला डीएम) सायकॉलॉजीचा रोल आडून करतो आणि ते योग्यच आहे, आमच्याकडे डी२० वर सगळ्यांसमोर दोन आला आणि मी म्हणालो "खरं बोलतोय वाटतं" तर ऐकणारा हसणारच. पण कुठले रोल आडून होणार ते मी पहिल्या दिवशी सांगून ठेवतो. पाचव्या एडिशनमध्ये तर पुष्कळदा रोलही लागत नाही, पॅसिव्ह परसेप्शनचे (मुद्दाम न शोधताही किती लक्षात येतं त्याचे) आकडे सगळ्यांकडून आधीच लिहून घेतले की सापळा कुणाला दिसला ते मी नुसतं बघून सांगू शकतो.

आणि जर एखादा मृत्यू मला खरंच नको असेल तर मी तो फासा टाकतच नाही, किंवा आधी बोलून टाकतो, हे लोक तुम्हाला जिवंत पकडायला आलेत, शून्यावर गेलात तर बेड्या, मरण नाही. हे चालतं. कुणीच लिंबूटिंबू होत नाही, कारण सगळ्यांना सगळं माहीत आहे.

आता पुस्तक उघडणाऱ्या तुमच्या मित्राबद्दल. तुमच्या लिहिण्यात तो थोडा खलनायक झालाय, "सारखा पुस्तक काढतो" वगैरे. मला तसं वाटत नाही. डीएमच्या हातात अख्खं जग आहे, राजे, राक्षस, हवामान, आणि प्लेअरच्या हातात एक कागद आणि एक पुस्तक. त्याने तीन आठवडे विचार करून एक स्पेल निवडलेला असतो कारण पुस्तकात लिहिलंय तो असा चालतो. तो वापरायच्या क्षणी डीएम म्हणाला माझ्याकडे असा चालत नाही, तर त्याची वस्तू काढून घेतल्यासारखंच आहे ते. जिथे डीएमच्या बोलण्याचा भरवसा वाटत नाही तिथे लोक पुस्तक जास्त उघडतात. भरवसा वाढला की हाच माणूस तुमचा सगळ्यात उपयोगी प्लेअर होतो, मी माझ्या टेबलवर अशाच एकाला अधिकृतपणे विचारतो, ग्रॅपलचं, म्हणजे शत्रूला पकडून ठेवायचं, काय रे लिहिलंय, आणि तो मला तोट्याचं असेल तेही प्रामाणिकपणे वाचून दाखवतो.

पण सेशन चालू असताना पंधरा मिनिटं पानं चाळणं हेही बरोबर नाही, बाकी तिघं तोवर फोन काढतात आणि गेलेला मूड परत येत नाही. आमच्याकडे असं आहे की दोन मिनिटांत सापडलं तर पुस्तकाप्रमाणे, नाही सापडलं तर मी आत्तापुरता निकाल देतो, शंका असेल तर प्लेअरच्या बाजूने, आणि तो वहीत लिहितो. साधी दोनशे पानी वही आहे. घरी जाऊन बघतो, पुढच्या रविवारी सुरुवातीला वाचून दाखवतो. त्यातल्या नोंदी अशा: "जळतं तेल अंगावर, पहिल्या फेरीला एक डी६, विझवायला एक अ‍ॅक्शन. सगळ्यांना लागू, राक्षसांनाही." "दोराला लटकून धनुष्य, दोन फासे टाकून कमीचा धरायचा, म्हणजे डिसअ‍ॅडव्हान्टेज." "मागच्या वेळी उलटं सांगितलं होतं, चुकलं, यापुढे पुस्तकाप्रमाणे, झालेलं बदलणार नाही." पहिल्या नोंदीतला शेवटचा शब्द माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आहे. जो नियम मी प्लेअरवर लावतो तो माझ्या ओगरवरही लागतो, वहीत लिहिलेला असल्यामुळे मला विसरता येत नाही.

मॅट फिंचची २००८ ची एक छोटी पुस्तिका आहे जुन्या पद्धतीच्या खेळाबद्दल, तिच्यातलं नियमांपेक्षा निकाल महत्त्वाचे हे सूत्र बरेच डीएम हल्ली ढालीसारखं पुढे करतात. सूत्र मला आवडतं. पण निकाल समोरच्या परिस्थितीतून निघायला हवा आणि दुसऱ्यांदा तीच परिस्थिती आली तर तोच निघायला हवा, नाहीतर तो लहर आहे. दुसऱ्या टोकाला अपोकॅलिप्स वर्ल्ड, २०१०, त्यात गेम चालवणाऱ्यालाही नियम घालून दिलेत, तू काय बोलायचं, कशाशी प्रामाणिक राहायचं. दोन्ही वाचा असं मी तुमच्या डीएमला सांगेन, आणि मग स्वतःच्या टेबलचं काय ते ठरव म्हणेन.

विश्वासाची दुसरी बाजू प्लेअरकडे आहे आणि ती कुणी बोलत नाही. तुमच्यापैकी किती जण आपला प्लॅन डीएमपासून लपवतात? म्हणजे "मी दाराजवळ उभी राहते, बादली मागते, थोडं पीठ आहे का" असं तुकड्यातुकड्यात विचारतात आणि शेवटी एकदम हुकमाचं पान टाकतात. डीएमला काहीच अंदाज नसतो, तो प्रत्येक तुकड्याला वेगळा निकाल देत जातो आणि शेवटी म्हणतो नाही, पीठ असं पेटत नाही. दोघंही वैतागतात. प्लेअर लपवतो कारण त्याला भीती असते की आधी सांगितलं तर डीएम राक्षसांना शहाणं करेल. भीती खोटी नाहीये, शत्रूही तोच आहे ना. यावर मी एक करतो. लढाई सुरू व्हायच्या आधी, त्यांचा प्लॅन ऐकायच्या आधी, एका चिठ्ठीवर चार ओळी लिहितो, राक्षस काय करणार: "दोघं धनुष्यवाले जिन्यावर. नायक आधी मशालवाल्याला गाठणार. निम्मे पडले की पळणार." घडी घालून फाशांच्या वाटीखाली ठेवतो. मग म्हणतो आता बिनधास्त सांगा काय करायचंय. लढाई झाली की चिठ्ठी कुणीतरी उघडून वाचतं. पहिले दोन-तीन महिने उत्सुकतेने वाचायचे, हल्ली कुणी उघडतही नाही, पण मी लिहितो. आणि ते मला पहिल्या वाक्यात सांगतात, आम्हाला पिठाची कोठी पेटवायचीय, कसं जमेल.

एक वेगळा विषय आहे, तो दोन ओळीत सांगतो पण त्याला हलकं समजू नका. काही गोष्टी रूल्सच्या नसतात, माणसांच्या असतात. कुणाला लहान मुलांचा छळ गेममध्ये नको असतो, कुणाच्या घरात नुकतं काही झालेलं असतं. पहिल्या सेशनच्या आधी एकदा नुसतं बोलायला बसा, आणि टेबलवर इंग्रजी एक्ससारखी फुली काढलेलं एक कार्ड ठेवा ज्याला कुणीही बोट लावलं की तो प्रसंग तिथेच सोडायचा, का ते विचारायचं नाही. जॉन स्टाव्हरोपोलसने ही एक्स-कार्डची पद्धत आणली. आमच्याकडे इतक्या वर्षांत दोनदाच वापरलं गेलं, दोन्ही वेळा बरं झालं होतं म्हणून.

आता तुम्ही नेमकं काय करायचं. डीएमला रविवारच्या आधी एकट्याला फोन करा, ग्रुपवर लिहू नका, ग्रुपवर तो आपली बाजू लढवणार, कुणीही लढवेल. आणि रूल चुकला असं म्हणूच नका. म्हणा, मला ते भगदाड सात फुटांचं वाटलं होतं, पंचवीस माहीत असतं तर मी उडी मारली नसती. एवढंच. मला खात्री वाटते की यावर तो भांडणार नाही, कारण यात त्याने फसवलं असा आरोप नाहीये. मग म्हणा की पुढे रोलच्या आधी आकडा सांगशील का. आणि तुमच्या क्लेरिकचं, माझं स्पष्ट मत आहे, ती उडी परत घ्यावी. चित्रच चुकीचं होतं तर निर्णय झालाच नव्हता. ती कड्यावर थांबली, पायाखालचे चार दगड खाली गेले, तिथून पुढे चालू. हेच जर सगळं माहीत असताना तुम्ही उडी मारली असतीत आणि सतरा आले असते, तर मी म्हटलं असतं आता शून्यावर पडून राहा आणि तुमच्यातलं कोण दोर घेऊन खाली उतरतंय ते बघा.

त्याने ऐकलं नाही तर? एक सेशन तुम्ही चालवा आणि त्याला प्लेअर म्हणून बसवा. सूड म्हणून नाही. पडद्याच्या अलीकडून किती कमी दिसतं हे डीएमला कुणी समजावून सांगू शकत नाही, तिथे बसावंच लागतं. मीसुद्धा वर्षातून दोन-चार वेळा दुसऱ्याच्या टेबलवर जाऊन बसतो ते त्यासाठीच.

राहिला तुमचा आयर्लंडहून व्हिडिओवर खेळणारा मित्र, त्याच्या फाशांवर विश्वास कसा ठेवायचा. अ‍ॅप वापरायचं तर डीएमसकट सगळ्यांनी वापरा, त्याच्या एकट्यावर लादू नका, तो आधीच लांब आहे. आमचा एक जण म्युनिकहून खेळतो, आपली संध्याकाळ तेव्हा त्याची दुपार असते. सुरुवातीला तो प्रत्येक वेळी फासा कॅमेऱ्यासमोर धरायचा, आम्हीच सांगितलं नको धरूस. मागच्या रविवारी ओगरवर शेवटचा वार त्याचा होता, लागला असता तर लढाई संपत होती. घरंगळल्याचा आवाज आला, तो दोन सेकंद काहीच बोलला नाही, मग म्हणाला, एक आला रे. मग ओगरची पाळी आली.